वक्तृत्व स्पर्धेत इंदिरा गांधींवर बोलायचंय? मग आधी १९६६ ची मतं मोजा

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला भाचीचा फोन. मावशी, विषय मिळालाय 'इंदिरा गांधी : एका नेतृत्वाचा उदय', ७+२ मिनिटं आहेत, परवाच स्पर्धा आहे, भाषण नेटवरून काढलंय, तू फक्त एकदा ऐक. ऐकलं. पहिल्या दीड मिनिटात रणरागिणी झाली, लोहस्त्री झाली, दुर्गा झाली, वीज झाली, वादळ झालं, आणि या सगळ्यात तारीख एकही नाही, दुसरा माणूस एकही नाही, आणि बाई पंतप्रधान झाल्या त्या नेमक्या झाल्या कशा हे तर कुठेच नाही. जन्म झाला, वडील नेहरू होते, आणि मग एकदम पंतप्रधान. म्हटलं अगं मधली अठ्ठेचाळीस वर्षं कुठे गेली?

त्या रात्री तिला फोनवर दीड तास जे सांगितलं तेच इथे लिहून काढतेय, कारण हा विषय दरवर्षी कुठल्या ना कुठल्या करंडकाला येतोच आणि दरवर्षी पोरं तेच भाषण करतात. मी स्वतः कॉलेजात असताना तेच केलं होतं. "जगातील पहिल्या महिला पंतप्रधान" अशी दणदणीत सुरुवात केली, टाळ्यासुद्धा आल्या, आणि खाली उतरल्यावर परीक्षक बाईंनी शांतपणे विचारलं, सिरीमावो बंदरनायके हे नाव ऐकलंयस का? नव्हतं ऐकलं. श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, त्या जुलै १९६० मध्येच पंतप्रधान झाल्या होत्या, इंदिराबाईंच्या साडेपाच वर्षं आधी. उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही आणि योग्यच झालं.

तर पहिलं काम, 'उदय' म्हणजे कुठून कुठपर्यंत ते ठरवा. सात मिनिटांत साधारण साडेसातशे-आठशे शब्द बसतात, त्यात १९१७ चा जन्म ते १९८४ ची हत्या कोंबायला गेलात तर तो विकीचा सारांश होतो, भाषण होत नाही. मी म्हणेन भाषण ११ जानेवारी १९६६ ला सुरू करा आणि १९ जानेवारीला त्याचा मधला खांब रोवा. नऊ दिवस. ११ तारखेला पहाटे ताश्कंदमध्ये लालबहादूर शास्त्री गेले, आदल्याच दिवशी पाकिस्तानशी करार झाला होता, इकडे गुलझारीलाल नंदा हंगामी पंतप्रधान झाले (नेहरू गेले तेव्हाही तेच हंगामी होते, बिचाऱ्यांच्या नशिबात दोन्ही वेळा तेवढंच), आणि १९ तारखेला काँग्रेसच्या खासदारांनी मतदान करून नवा नेता निवडला. या नऊ दिवसांत जे झालं त्यात सगळा 'उदय' आहे, बाकीचं मागचं-पुढचं तुम्ही तिथे उभं राहून बघायचं.

आता वही घ्या, पान आडवं धरा आणि तीन रकाने करा. पहिल्यात माणसाचं नाव, दुसऱ्यात त्याला इंदिराबाई का हव्या होत्या किंवा का नको होत्या, तिसऱ्यात शेवटी त्याचं काय झालं. बास, एवढंच. हे पान भरलं की भाषण अर्धं झालं, कारण कुणीही माणूस सत्तेवर 'उदयाला' येतो म्हणजे काय, तर त्या क्षणाला बऱ्याच लोकांना आपापल्या कारणासाठी तो माणूस सोयीचा वाटतो. बाईंच्या बाबतीत तर हे फारच उघड दिसतं.

पहिलं नाव लिहा कामराज. के. कामराज, काँग्रेसचे अध्यक्ष, मद्रास राज्याचे माजी मुख्यमंत्री. अनेकांना ते स्वतःच पंतप्रधान व्हावेत असं वाटत होतं पण तमिळ सोडून हिंदी-इंग्रजीत देशाशी बोलणं त्यांना जमणारं नव्हतं आणि ते त्यांना स्वतःला पक्कं माहीत होतं. त्यांच्याभोवती जे बडे प्रांतिक पुढारी होते त्यांना तेव्हा सगळे 'सिंडिकेट' म्हणायचे, बंगालचे अतुल्य घोष, आपल्या मुंबईचे स. का. पाटील, म्हैसूरचे निजलिंगप्पा, आंध्रचे संजीव रेड्डी. या मंडळींना हवा होता असा पंतप्रधान जो देशभर ओळखीचा आहे, निवडणुकीत मतं ओढेल, आणि ऐकेल. शेवटचा शब्द परत वाचा. ऐकेल.

दुसरं नाव मोरारजी देसाई. यांच्यामुळेच तर सगळा खेळ झाला. ६९ वर्षांचे, मुंबई राज्याचे मुख्यमंत्री राहिलेले, केंद्रात अर्थमंत्री राहिलेले, अनुभवाने कागदावर सगळ्यांच्या वर. पण १९६३ च्या कामराज योजनेत ज्या केंद्रीय मंत्र्यांनी 'पक्षकार्यासाठी' राजीनामे दिले त्यात हे होते, त्यामुळे १९६६ मध्ये मंत्रिमंडळाच्या बाहेर. १९६४ ला नेहरूंनंतर त्यांना माघार घ्यायला लावून शास्त्रींवर एकमत केलं होतं. या वेळी त्यांनी सांगितलं, मी माघार घेणार नाही, मतं मोजा. आणि मोरारजी म्हणजे कुणाचं ऐकणारे नाहीत हे सिंडिकेटला ठाऊक होतं. म्हणजे बघा, मोरारजी उभे राहिले म्हणून सिंडिकेटला त्यांना हरवू शकेल असं कुणीतरी लागलं. प्रतिस्पर्धी हट्टी होता हे इंदिराबाईंच्या पथ्यावर पडलं, आणि हे वाक्य भाषणात नक्की घ्या, कारण ते दुसऱ्या कुणाच्या भाषणात नसतं.

तिसऱ्या ओळीत एक नाव लिहू नका, 'मुख्यमंत्री' असं लिहा. मला विचाराल तर या गोष्टीतले खरे हिशेबी लोक हेच. मध्य प्रदेशचे द्वारकाप्रसाद मिश्र यांनी पुढाकार घेतला आणि एकेक मुख्यमंत्री इंदिराबाईंच्या बाजूने आला. यात मुख्यमंत्र्यांचा काय संबंध, मत तर खासदार देणार, असं भाचीने विचारलं आणि हाच प्रश्न विचारायला हवा. वर्षभरावर, फेब्रुवारी १९६७ ला, लोकसभेची निवडणूक होती आणि विधानसभांचीही तेव्हाच. खासदाराला परत तिकीट हवं तर प्रदेश काँग्रेसची मर्जी हवी, आणि प्रदेश काँग्रेस मुख्यमंत्र्याच्या खिशात. म्हणजे एक मुख्यमंत्री वळला की त्याच्या मागे खासदारांची रांग वळली. वर त्या मुख्यमंत्र्यांनाही निवडणूक जिंकायचीच होती, आणि गावोगाव सभेला गर्दी कुणाच्या नावाने होईल, मोरारजींच्या की नेहरूंच्या मुलीच्या, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

आणि महाराष्ट्रातल्या स्पर्धेत बोलताय तर यशवंतराव चव्हाणांची ओळ भरल्याशिवाय पान मिटू नका. ते तेव्हा संरक्षणमंत्री, त्यांचंही नाव पंतप्रधानपदासाठी चर्चेत होतंच, शेवटी ते इंदिराबाईंच्या बाजूला राहिले, त्याच वर्षाच्या शेवटी गृहमंत्री झाले. त्यांच्या तिसऱ्या रकान्यात पुढे एक गंमत येणार आहे, जागा सोडून ठेवा.

मग आकडा. ३५५ विरुद्ध १६९. हा पाठ करा, तो चुकवू नका, आणि नुसता म्हणू नका तर त्याचं काहीतरी करा. एकूण ५२४ मतं. दर तीन मतांतलं एक मत मोरारजींना होतं. म्हणजे सगळा पक्षश्रेष्ठीवर्ग, बहुतेक मुख्यमंत्री, नेहरूंचं नाव, एवढं सगळं एका बाजूला असूनही एक तृतीयांश खासदार तिकडे गेले. मला हे फार बोलकं वाटतं. 'देशाने एकमुखाने नेतृत्व सोपवलं' वगैरे जे भाषणात येतं ना, ते या १६९ मतांपुढे टिकत नाही. वर पंतप्रधान कोण यासाठी काँग्रेस संसदीय पक्षात अशी उघड लढत होऊन मतदान झालं ते पहिल्यांदाच. नेहरूंच्या वेळी प्रश्नच नव्हता आणि शास्त्रींच्या वेळी एकमत झालं होतं.

इथे बहुतेक पोरं एक चूक करतात म्हणून सांगते, १९ जानेवारी ही पक्षाने निवडल्याची तारीख आहे, शपथ २४ जानेवारीला झाली. त्याच दिवशी युरोपात माँ ब्लाँ डोंगरावर एअर इंडियाचं विमान कोसळून होमी भाभा गेले. तुमच्या विषयाशी याचा थेट संबंध नाही, सात मिनिटांत घेऊही नका, पण वहीच्या कोपऱ्यात लिहा, म्हणजे त्या आठवड्यात देशाची मनस्थिती काय असेल याचा अंदाज येतो. दोन आठवड्यांत पंतप्रधान गेले, देशाचा सगळ्यात मोठा अणुशास्त्रज्ञ गेला, युद्ध होऊन जेमतेम चार महिने झालेले, पाऊस दगा देऊन धान्य बाहेरून आणायची वेळ, आणि खुर्चीवर जी बाई बसली ती तेव्हा लोकसभेची सदस्यसुद्धा नव्हती. राज्यसभेत होती. जनतेतून लोकसभेवर त्या पहिल्यांदा निवडून आल्या १९६७ ला, रायबरेलीतून. 'जनतेने निवडून दिलेल्या' हे १९६६ साठी म्हणायचं नाही, बरं का.

आता घराणेशाहीचा मुद्दा. याला घाबरू नका आणि लपवूही नका, परीक्षक त्याचीच वाट बघत असतात. बहुतेक भाषणं एकतर 'स्वकर्तृत्वावर' म्हणून वडिलांचं नाव गिळून टाकतात नाहीतर 'नेहरूंची मुलगी म्हणून आयतं मिळालं' म्हणून विषयच संपवतात. दोन्ही आळशीपणा आहे. यावर एक प्रश्न आहे तो मंचावर सरळ विचारा, की २७ मे १९६४ ला नेहरू गेले तेव्हाही त्या नेहरूंच्याच कन्या होत्या, मग तेव्हा का नाही झाल्या पंतप्रधान? विचारल्यावर एक सेकंद थांबा, सभागृह शांत होतं, गॅरंटी.

उत्तर तुमच्या तीन रकान्यांतच आहे. १९६४ ला सिंडिकेटकडे शास्त्री होते, सगळ्यांना चालणारे, आणि निवडणूक लांब होती. १९६६ ला शास्त्री नव्हते, मोरारजी ठाम उभे होते, निवडणूक दारात होती. नाव तेच होतं, गरज बदलली. आणि मधल्या दीड-पावणेदोन वर्षात बाई गप्प बसल्या नव्हत्या, शास्त्रींच्या मंत्रिमंडळात माहिती व नभोवाणी हे तसं दुय्यम खातं मिळालं होतं, पण १९६५ च्या सुरुवातीला हिंदीविरोधात मद्रास पेटलं तेव्हा त्या तिकडे गेल्या, ऑगस्टमध्ये काश्मीरात घुसखोर शिरले तेव्हा त्या श्रीनगरात होत्या आणि परत या म्हटलं तरी तिथेच थांबल्या. नभोवाणीमंत्र्याचं यात काम काय? काहीच नाही. पण जिथे आग आहे तिथे आपण दिसायचं हे त्यांना कळलेलं होतं.

शेजारच्या देशांचा दाखला द्यायचा असेल तर याच ठिकाणी द्या आणि एका श्वासात संपवा. सिरीमावोंचे पती सप्टेंबर १९५९ मध्ये मारले गेले आणि दहा महिन्यांत त्या पंतप्रधान. बेनझीर भुट्टोंच्या वडिलांना एप्रिल १९७९ मध्ये फाशी झाली, त्या पंतप्रधान झाल्या डिसेंबर १९८८ मध्ये. बांगलादेशात खालिदा झियांचे पती १९८१ ला मारले गेले, त्या १९९१ ला आल्या. चौघींच्याही घरात सत्ता होती, पण कुणाला दहा महिने लागले, कुणाला दहा वर्षं. ती मधली वर्षं कशी गेली ते सांगणं म्हणजे उदय सांगणं. बाकी मुलगी होती की विधवा होती ही माहिती एका ओळीची आहे.

मागचं आयुष्य सांगायचं असेल तर मी म्हणेन उलटं चाला. १९६६ वरून मागे १९५९. त्या वर्षी त्या काँग्रेसच्या अध्यक्ष होत्या, वर्षभरच, पण त्या वर्षात दोन गोष्टी झाल्या. एक, केरळमधलं नंबुद्रीपादांचं निवडून आलेलं कम्युनिस्ट सरकार ३१ जुलै १९५९ ला बरखास्त झालं आणि त्यासाठी बाईंनी जोर लावला होता, वडील कां-कूं करत असताना. दोन, आपली गोष्ट. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला जो दणका दिला होता त्यानंतर द्विभाषिक मुंबई राज्य चालणार नाही हे दिसतच होतं, पण दिल्लीत ते मान्य करून घेणं अवघड होतं, आणि तो प्रश्न पक्षात परत उघडला गेला तो इंदिराबाई अध्यक्ष असताना, त्या विभाजनाच्या बाजूच्या होत्या. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. आता या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा, एकीत लोकांनी निवडलेलं सरकार पाडलं, दुसरीत लोकांची मागणी ऐकली. दोन्हींत पक्षाचा फायदा कशात आहे ते अचूक ओळखलं. १९६६ ला सिंडिकेटला वाटलं ही ऐकणारी बाई आहे, त्यांनी १९५९ चं पान वाचलं नव्हतं बहुतेक.

अजून मागे जायला वेळ असेल तर पुणं घ्या, स्थानिक परीक्षकांना फार आवडतं. १९३१ ते १९३४ इंदिराबाई पुण्यात शिकत होत्या, वकील दांपत्याच्या प्युपिल्स ओन स्कूलमध्ये, मॅट्रिक तिथूनच. वडील तुरुंगात, आई आजारी, मुलगी पुण्यात. त्यातच सप्टेंबर १९३२ ला गांधीजींनी येरवड्यात उपोषण केलं, पुणे करार झाला तो हाच काळ, आणि पंधराव्या वर्षाला टेकलेली ही पोर तिथे त्यांना भेटायला गेली होती. सात मिनिटांत हे तीस सेकंद, जास्त नाही. आनंद भवन, वानरसेना, परदेशी बाहुली जाळली, हे सगळं सोडून द्या, ते प्रत्येक जण बोलतो आणि परीक्षक तेव्हा चहाचा कप शोधत असतात.

नको ती वाक्यं सांगते. 'अटलजींनी संसदेत त्यांना दुर्गा म्हटलं', हे तर प्रत्येक भाषणात असतं. वाजपेयींनी स्वतः नंतर सांगितलं की मी तसं म्हटलंच नव्हतं. काढून टाका. 'महात्मा गांधींशी नातं म्हणून गांधी', नाही, पती फिरोज गांधी, लग्न मार्च १९४२. 'लोहस्त्री' हा शब्द १९६६ साठी वापरूच नका कारण तेव्हा त्यांना जे म्हणत ते बरोबर उलटं होतं, 'गूंगी गुडिया', मुकी बाहुली, हे राममनोहर लोहियांच्या नावावर सांगितलं जातं. पहिल्या वर्षात संसदेत बोलताना त्या अडखळायच्या, कागद वाचून दाखवायच्या. हे सांगा! स्टेजवर पाय लटपटणाऱ्या पोरांना यापेक्षा जवळचं काय असणार, आणि पुढे जे झालं त्याला त्यामुळेच वजन येतं.

निकालाच्या दिवशी संसद भवनाबाहेर गर्दीतून 'लडका हुआ या लडकी?' असं ओरडून विचारलं गेलं, अशी एक गोष्ट सांगतात. छान आहे, टाळी घेते. घ्यायची तर घ्या पण 'असं सांगतात' हे दोन शब्द गिळू नका, दंतकथा दंतकथा म्हणूनच सांगायची.

आता पुढचा भाग, निवडून आल्यानंतरचा. बहुतेकांचा उदय शपथेला संपतो आणि तिथेच भाषण पडतं. तिसरा रकाना आठवतोय ना, 'शेवटी काय झालं', तो आता भरायचा. ६ जून १९६६, शपथेला साडेचार महिने झालेत, रुपयाचं अवमूल्यन, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर. कामराज भडकले, आपल्याला विचारलं नाही म्हणून. ऐकणारी बाई ऐकत नाहीये हे पहिल्यांदा तिथे कळलं. निर्णय आर्थिकदृष्ट्या बरोबर की चूक यावर वाद घालत बसू नका, तुमचा विषय तो नाही.

मग १९६७ ची निवडणूक. काँग्रेस जिंकली पण कशीबशी, ५२० पैकी २८३, आणि उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत कितीतरी राज्यं हातची गेली. पण वहीत काय लिहायचं तर कोण पडलं. कामराज आपल्या गावी विरुदुनगरला पडले, तेही एका विद्यार्थी नेत्याकडून. अतुल्य घोष पडले. आणि दक्षिण मुंबईत 'मुंबईचे अनभिषिक्त सम्राट' स. का. पाटील यांना पाडलं तिशीतल्या कामगार पुढाऱ्याने, जॉर्ज फर्नांडिसने. ज्यांनी बाईंना खुर्चीवर बसवलं ते एका निवडणुकीत घरी बसले आणि त्या रायबरेलीतून निवडून आल्या. पक्षाची हार आणि तिच्यात बाईंची सुटका, दोन्ही एकाच निकालात. हा निकाल मी भाचीला फोनवर तीनदा सांगितला, कारण तिला वाटत होतं काँग्रेसची पिछेहाट म्हणजे इंदिरा गांधींचीही पिछेहाट.

१९६९ सविस्तर करायला गेलात तर त्याचंच वेगळं भाषण होईल, तरी कणा सांगते. राष्ट्रपती झाकीर हुसेन ३ मे १९६९ ला गेले. जुलैत बंगळूरला पक्षाच्या बैठकीत सिंडिकेटने बाईंच्या मनाविरुद्ध राष्ट्रपतिपदासाठी संजीव रेड्डींचं नाव पक्कं केलं, आणि इथे यशवंतरावांची सोडलेली जागा भरा, त्यांनी तिथे मत रेड्डींना दिलं. बाई दिल्लीला परतल्या, १६ जुलैला मोरारजींकडून (ते तोवर परत मंत्रिमंडळात आले होते) अर्थखातं काढून घेतलं, १९ जुलैला वटहुकूम काढून १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण. तीन दिवस! पक्षाच्या बैठकीतला पराभव त्यांनी गल्लीतल्या, बाजारातल्या, रिक्षावाल्याच्या विजयात बदलला, कारण बँक म्हणजे शेठजींची जागा असं वाटणारी माणसं मोर्चाने त्यांच्या घरापाशी यायला लागली. मग ऑगस्टमध्ये राष्ट्रपतिपदाला सद्सद्विवेकबुद्धीने मत द्या असं सांगून स्वतःच्याच पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध, अपक्ष उभ्या राहिलेल्या व्ही. व्ही. गिरींना निवडून आणलं. शेवटचे आकडे ४,२०,०७७ आणि ४,०५,४२७, फरक १४,६५०, आणि ही डोकी नाहीत, मतमूल्य आहे (प्रत्येक आमदार-खासदाराच्या मताला ठरलेलं वजन असतं, त्याची बेरीज), परीक्षक विचारतील. पहिल्या पसंतीत कुणालाच पुरेशी मतं नव्हती, दुसऱ्या पसंतीची मोजावी लागली. तिसऱ्या क्रमांकावर कोण होतं माहितीये? आपले चिंतामणराव देशमुख, मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून १९५६ ला अर्थमंत्रिपद सोडणारे. त्यांची दुसऱ्या पसंतीची मतं बहुतेक रेड्डींकडे गेली, तरी गिरी थोडक्यात तरले.

१२ नोव्हेंबर १९६९ ला निजलिंगप्पांनी, ते तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते, देशाच्या पंतप्रधानाला पक्षातून काढून टाकलं. पक्ष फुटला. यशवंतराव कुठे गेले? इंदिराबाईंकडे. बंगळूरला विरोधात मत देऊनही. याच्यावर आजही आमच्याकडे दोन म्हाताऱ्यांत भांडण लागू शकतं, तुम्ही भाषणात नुसती नोंद करा, निकाल देऊ नका. आणि मार्च १९७१ ची मध्यावधी, 'गरिबी हटाओ', ३५२ जागा. तिसरा रकाना पूर्ण.

लिहायला बसाल तेव्हा एक करून बघा. भाचीच्या भाषणात असं होतं, "संकटांच्या वादळात न डगमगता या तेजस्विनीने आपल्या कर्तृत्वाचा झेंडा रोवला." मी म्हटलं याच्यात कुठलंही नाव घाल, झाशीची राणी घाल नाहीतर तुमच्या सोसायटीची चेअरमन घाल, वाक्य चालतं, म्हणजे ते कुणाचंच नाही. मग आम्ही त्या जागी हे बसवलं, "१९६६ मध्ये पाच पुढाऱ्यांना वाटलं, ही बाई आपलं ऐकेल. १९६७ मध्ये त्यातले तीन निवडणूक हरले. १९६९ मध्ये उरलेल्यांनी तिला पक्षातून काढलं. १९७१ मध्ये पक्ष तिचा होता." विशेषण एकही नाही. तिने फोनवरच म्हणून दाखवलं आणि पलीकडून तिची आई, म्हणजे माझी ताई, जी राजकारण म्हटलं की टीव्ही बंद करते, ती म्हणाली, ए परत म्हण गं. म्हणताना प्रत्येक सालानंतर थांबायचं, आवाज चढवायचा नाही, उलट शेवटच्या वाक्याला खाली आणायचा. साल नीट उच्चारा, 'एकोणीसशे सहासष्ट', बरीच पोरं घाईत सहासष्ट-सदुसष्ट-एकोणसत्तर यांची खिचडी करतात, आरशापुढे नुसती सालं दहा वेळा म्हणा.

सुरुवातीला श्लोक, शायरी काही नको. 'ताश्कंद, ११ जानेवारी १९६६, पहाट' एवढंच म्हणा आणि सुरू व्हा.

आणीबाणीचं काय, हे विचारणार म्हणजे विचारणारच. विषय 'उदय' असला तरी २५ जून १९७५ हा दिवस तुम्हाला माहीतच नसल्यासारखं बोललात तर परीक्षकांपैकी एक जण तरी असा असेल ज्याच्या घरातलं कुणीतरी तेव्हा येरवड्यात किंवा नाशिकच्या तुरुंगात होतं. एक वाक्य पुरतं, आणि ते उदयाशी जोडलेलं हवं. मी असं सुचवलं, की ज्या बाईने पक्षातले सगळे अडवणारे हात बाजूला केले तिच्याभोवती १९७५ ला अडवणारं कुणी उरलंच नव्हतं. हे माझं मत, तुम्हाला पटत नसेल तर तुमचं बनवा, पण भक्त किंवा वैरी होऊन बोलू नका, दोन्हींना टाळ्या मिळतात आणि नंबर मिळत नाही.

वॉर्निंग बेल सातव्या मिनिटाला वाजते, तोपर्यंत १९७१ ला पोचलेलं असायला हवं. मागे पडलात तर पुणं गाळा, मग केरळ गाळा, ३५५-१६९ आणि १९६७ चे पराभव काही झालं तरी गाळायचे नाहीत. आणि खाली उतरताना एखाद्या परीक्षकाने विचारलंच, की बरं, त्या १६९ मतवाल्या मोरारजींचं पुढे काय झालं, तर सांगा, मार्च १९७७ ला तेच पंतप्रधान झाले, वयाच्या ८१ व्या वर्षी, इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीत हरल्यावर. एवढं सांगून जाऊन बसा.